तलावावरील हिरवी साय

नळदुर्गचा पाणीमहाल ज्यानें भर पावसाळ्यांत पाहिला असेल, त्याला बोरी नदीचे ‘नर’ व ‘मादी’ हे धबधबे विसरतां येणार नाहींत. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळीं, १६१३ सालीं, हा बांध उभा राहिला आणि वाहती नदी किल्ल्याच्या आश्रयास थांबली. पर्जन्याची शाश्वती नसलेल्या धाराशिव जिल्ह्यांत पाणी अडविल्यावांचून गत्यंतर नाहीं. परंतु पाणी थांबलें कीं त्याचा स्वभाव पालटतो. उन्हाळ्यांत वारा पडला म्हणजे अशा सांठ्यांवर एका रात्रींत हिरवी साय धरूं शकते. काल निवळ दिसलेल्या पाण्यावर ती येते कोठून?

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हे. ऑस्ट्रेलियांतील अलेक्झांड्रिना सरोवरावरची अशीच साय पोटांत जाऊन गुरें दगावल्याचें जॉर्ज फ्रान्सिस यांनीं १८७८ सालीं जगापुढें मांडलें. आपण जिला सरसकट शेवाळ म्हणतों, ती वस्तुतः सायनोबॅक्टेरिया नांवाच्या सूक्ष्म जीवाणूंची दाटी असते, आणि त्यांतील कांहीं जाती विषारी असतात.

१८९५ मध्यें जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख क्लेबान यांनीं एक साधा प्रयोग केला. हे तरंगते जीव बाटलींत घालून त्यांनीं बुचावर हातोडी मारली. दाब बसतांच ते तळाकडे निघाले! त्यांच्या अंगांतील वायूच्या पोकळ्या दबून मोडल्या होत्या. त्या पोकळ्या हीच त्यांची तरंगण्याची युक्ति.

मग ते बुडतात तरी कसे? दिवसां प्रकाशांत ते कर्बोदकें सांठवितात व त्या भारानें खालीं जातात. रात्रीं तो सांठा खर्चीं पडतो आणि ते पुन्हां वर येतात. ही ये-जा क्रोमकांप व वॉल्सबी यांनीं १९९० सालीं संगणकावर गणितानें मांडली. प्रकाशानुसार जीवाची घनता किती बदलते, हें त्यांनीं हिशेबांत घेतलें. वेगासाठीं स्टोक्सचा जुना नियम हाताशीं होताच. त्या नियमानें पुंजक्याचा व्यास दुप्पट झाला तर वेग चौपट होतो. वारा पाणी घुसळीत असतो तोंवर ते सर्वत्र विखुरलेले राहतात. तो थांबला कीं मोठे पुंजके झपाट्यानें वर जमतात.

तात्पर्य, ती साय रातोरात जन्मलेली नसते. ती पाण्यांतच असते. म्हणून शांत रात्रीनंतरच्या पहांटे हिरव्या कांठावर गुरें नेऊं नयेत, व तें पाणी उकळलें म्हणजे निर्विष झालें असेंही मानूं नये. बांध घालणाऱ्यांनीं नदी थांबविली. थांबलेल्या पाण्यांतील हालचाल ओळखणें हें आपलें काम आहे.