कुलूप लावलेल्या घरांचं श्रमदान

जालन्यात एका कंपनीच्या सीएसआर विभागात मी काही वर्षं गावांचे अर्ज वाचायचं काम केलं. कंपनी कायदा २०१३ मुळे ठरावीक मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात. पैसे कमी, गावं जास्त. म्हणून आमच्याकडे एक गुणपत्रक होतं. शंभरपैकी वीस गुण ‘लोकसहभागा’चे, म्हणजे गाव किती श्रमदान करतं याचे.

मंठा तालुक्यातल्या एका गावाला मी त्या वीसपैकी चार दिले. जानेवारीत पाहणीला गेलो, तर निम्म्या घरांना कुलूप. माणसं ऊसतोडीला गेलेली. निघताना ओट्यावरच्या एका आजीनं विचारलं, “नाला कधी खोल करताव?” मी म्हणालो, “आजी, आधी गावानं श्रमदान करायला पाहिजे.”

“उचल घेतलीय दिवाळीआधी. पाडव्याशिवाय कोणी येत नाही. मग श्रमदान मी करू का ही शेळी करील, लेकरा?”

गाव यादीतून गळालं. माझ्या डोक्यातून मात्र आजी गेली नाही. मदत घेणाऱ्यानं आधी घाम गाळून दाखवावा, ही अट आली कुठून, हे मी शोधायला लागलो.

आधी १९७२ चा दुष्काळ. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारून बघा, सुकडीची चव अजून सांगतील. तेव्हा गावोगाव बांध, पाझर तलाव, रस्ते झाले, पण मजुरी देऊन. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. त्यातूनच रोजगार हमी पक्की झाली. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागणं हा हक्क ठरला.

मग आलं १९९० चं दशक. नगर जिल्ह्यात अनेक वर्षं काम केलेले स्विस जेझुईट फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकारातून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. पैसा जर्मनीच्या केएफडब्ल्यू या बँकेचा, इथली व्यवस्था नाबार्डकडे आणि प्रत्यक्ष काम संस्था व गावाच्या पाणलोट समितीकडे. अटी स्पष्ट होत्या : कुऱ्हाडबंदी, मोकाट चराईवर बंदी आणि श्रमदान. अकुशल मजुरीच्या साधारण १५ ते २० टक्के वाटा गावानं श्रमातून उचलायचा.

ही अट दुष्टपणाची नव्हती. फुकट बांधलेल्या बांधाला गावात कोणी वाली नसतो, पहिल्या दोन पावसांत तो फुटतो आणि तसाच पडून राहतो. हा अनुभव तिच्यामागे होता. स्वतः खोदलेला चर माणूस बुजू देत नाही.

आमच्या जिल्ह्यात याचं ठळक उदाहरण म्हणजे कडवंची. १९९६ च्या सुमारास खरपुडीच्या मराठवाडा शेती साहाय्य मंडळानं आणि कृषी विज्ञान केंद्रानं तिथं काम सुरू केलं. विजयअण्णा बोराडे यांचं मार्गदर्शन होतं. माथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर, बांधबंदिस्ती, नालाबांध. पुढे शेततळी आली, द्राक्षबागा आल्या. २०१२-१३ मध्ये जालना शहरात नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी येत नव्हतं, तेव्हा कडवंचीच्या बागा उभ्या होत्या. मी त्या द्राक्षांबद्दल ऐकतच मोठा झालो.

पण पाणलोटाचा हिशोब नीट मांडून बघा. माथ्यावर असतं गायरान. तिथं चराई बंद झाली की गवत वाढतं, पाणी मुरतं आणि ते खाली विहिरीत उतरतं. विहीर असते जमीनवाल्याची. आणि गायरानावर शेळी कोणाची चरत होती? ज्याच्याकडे जमीन नाही त्याची. शेळीला गरिबाची गाय म्हणतात ते उगाच नाही. म्हणजे माथ्यावरच्याचं आज जातं, पायथ्यावरच्याला उद्या मिळतं.

जॉन केर या अभ्यासकानं महाराष्ट्र आणि आंध्रातले असे प्रकल्प तपासून २००२ मध्ये हेच दाखवलं : जिथं माती-पाणी राखण्यात चांगलं यश आलं, तिथं त्याची किंमत बऱ्याचदा सगळ्यात गरिबांनी मोजली होती.

देणाऱ्यांना हे कळत नव्हतं असंही नाही. इंडो-जर्मन कार्यक्रमाच्या नियमांतच लिहिलं होतं की भूमिहीन आणि एकट्या बाईच्या कर्त्या घरांना श्रमदानाची सक्ती नको. म्हणजे हा प्रश्न तेव्हाच कोणीतरी पाहिला होता आणि त्यावर उत्तरही लिहून ठेवलं होतं. आमच्या गुणपत्रकापर्यंत येता येता अट तेवढी पोचली. सूट वाटेत गळाली.

१९७२ मध्ये ज्या खोदकामाची मजुरी मिळत होती, तेच खोदकाम पुढे पात्रतेची परीक्षा झालं. त्या परीक्षेत पास कोण होतं? ज्याच्या घरात दोन वेळचं धान्य आहे आणि जो हिवाळ्यात गावात राहू शकतो तो. कोयत्यावर गेलेलं जोडपं नापास. त्याची मेहनत कमी होती म्हणून नाही, तर त्या मेहनतीचे पैसे मुकादमानं आधीच देऊन ठेवले होते म्हणून.

मी वरिष्ठांना दोन सुधारणा लिहून दिल्या. एक, ऊसतोडीच्या गावांची पाहणी पाडव्यानंतर करावी आणि भूमिहीन घरांना श्रमदानातून वगळावं. दोन, अर्जात एक नवा रकाना असावा : ‘या कामामुळे गावात कोणाचं काय जाईल आणि त्याची भरपाई कशी होईल?’

पहिली मान्य झाली. दुसरीवर उत्तर आलं की असा रकाना ठेवला तर अर्जच येणार नाहीत.

मंठ्याच्या त्या गावाचा अर्ज पुन्हा आला नाही. एप्रिलमध्ये मी स्वतःहून फोन केला. सरपंच अदबीनं बोलले. म्हणाले, “साहेब, मागच्या वेळी फॉर्म भरायला पोरानं दोन दिवस घातले होते. आता परत कोण भरणार?”

त्यांना चूक कोणाची होती ते सांगायला हवं होतं. मी फक्त ‘बरं’ म्हणालो.