अनुसरण आणि पाचारण : मातेउस द कास्त्रो ह्याच्या दीक्षेचा प्रश्न

महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासकास मेहकर हे नाव अपरिचित नाही. पैनगंगेच्या परिसरातील हे जुने गाव लीळाचरित्रात चक्रधरांच्या वास्तव्याच्या संदर्भात आलेले आहे. त्या पंथाच्या परिभाषेत 'अनुसरणे' ह्या क्रियापदास विशेष अर्थ आहे. अमुक एक मनुष्य अनुसरला, म्हणजे घरदार, आप्त व वृत्ती सोडून गुरूच्या मागे निघाला. व्याकरणदृष्ट्या पाहता येथे कर्ता निघणाराच आहे. ख्रिस्ती मराठीत ह्याच प्रसंगी योजला जाणारा शब्द 'पाचारण' हा होय. लॅटिन 'वोकातिओ' ह्या संज्ञेचे हे प्रतिरूप आहे. त्यात बोलावणारा दुसराच कोणी असतो. तरुण हा ज्याला हाक आली तो, म्हणजे व्याकरणाच्या भाषेत कर्म.

हा भेद शब्दांपुरता असता तर त्याची नोंद एखाद्या कोशात करून थांबता आले असते. परंतु हाक देणारा कोण, आणि ती आली हे ठरवावयाचे कोणी, ह्या प्रश्नापायी सतराव्या शतकात गोव्याच्या एका तरुणाचे उभे आयुष्य खर्ची पडले. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र आहे, इतिहास नव्हे. तथापि शब्दाचा माग काढता काढता ह्या प्रकरणाशी येऊन पोहोचावे लागले.

कॅथलिक विचारात पाचारणाची दोन अंगे मानली जातात. एक अंतरीची ओढ व दुसरे चर्चने केलेला स्वीकार. ओढीची पारख कशी करावी ह्याचे सर्वांत सूक्ष्म विवेचन इग्नाशियस लोयोलाच्या, १५४८ मध्ये छापल्या गेलेल्या, साधनाग्रंथात आढळते. मनास लाभणारे समाधान आणि मनावर येणारी उदासी ह्या दोन्ही अवस्था साधकाने न्याहाळाव्यात, आणि उदासीच्या काळात पूर्वी केलेला निश्चय बदलू नये, असे तो सांगतो. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये प्रत्येक बिशपाने दीक्षार्थींसाठी विद्यालय चालवावे असे ठरविले व धर्मगुरूच्या दीक्षेस पंचविसावे वर्ष लागलेले असावे असा नियम केला. पुढे १९१२ मध्ये, लाहितों ह्या फ्रेंच धर्मपंडिताच्या मतावरून वाद माजला असता, रोमने निःसंदिग्ध निर्णय दिला : बिशपाने निवड करण्यापूर्वी दीक्षेवर कोणाचाही हक्क नाही; शुद्ध हेतू व पात्रता असली म्हणजे पुरे, अंतरीच्या विशेष ओढीची अट नाही. म्हणजे हाक ऐकू येते ती अखेर बिशपाच्या मुखातून. मग बिशपानेच मुद्दाम मौन धरले तर?

मातेउस द कास्त्रो ह्याचा जन्म १५९४ च्या सुमारास गोव्यातील दिवाडी बेटावर एका ख्रिस्ती ब्राह्मण कुटुंबात झाला. कुळाचे नाव महाले. बार्देशातील रेइस मागुस येथील फ्रान्सिस्कन विद्यालयात तो शिकला. देशी धर्मगुरू त्या काळी गोव्यात मुळीच नव्हते असे नाही. मात्र बार्देश फ्रान्सिस्कनांच्या व सासष्टी जेजुइटांच्या हाती होती, आणि देशी धर्मगुरूंच्या वाट्यास बहुधा दुय्यम काम येई. १६०६ च्या प्रांतिक धर्मपरिषदेने दीक्षा केवळ प्रतिष्ठित जातींच्या मुलांनाच द्यावी असेही ठरविले होते. ह्या नियमाने मातेउसला दार उघडे असावयास हवे होते. तरीही आर्चबिशप क्रिस्तोव्हाँव द सा ह्याने त्यास दीक्षा नाकारली. विद्या दिली, पद नाकारले.

येथे पुष्कळांनी निमूटपणे लग्न केले असते. मातेउस खुष्कीच्या मार्गाने, इराणवरून, रोमला निघाला व १६२५ मध्ये तेथे पोहोचला. तिशी ओलांडलेला हा विद्यार्थी योग्य वेळी आला होता. धर्मप्रसाराचे काम पाहणारी 'प्रोपागांदा फीदे' ही संस्था पोपने १६२२ मध्येच स्थापन केली होती, आणि तिचा पहिला सचिव फ्रांचेस्को इंगोली हा देशोदेशी तेथलेच धर्मगुरू तयार करावेत ह्या मताचा होता. पोर्तुगालच्या राजाकडे पूर्वेकडील चर्चवर 'पद्रुआदो' म्हणून ओळखला जाणारा आश्रयाधिकार होता. बिशप कोणाला नेमावे हे त्यामुळे लिस्बनमध्ये ठरे. हा पेच सोडविण्यास इंगोलीला मातेउससारखाच माणूस हवा होता. म्हणून रोमने त्याची हाक 'ऐकली' ती निव्वळ आध्यात्मिक कानांनी असे मानणे भाबडेपणाचे होईल. अर्थात तेवढ्याने ती हाक खोटी ठरत नाही.

१६३० च्या सुमारास त्याला दीक्षा मिळाली. तो गोव्यास परतला, तर तेथील अधिकाऱ्यांनी त्याच्या रोमच्या कागदपत्रांविषयीच शंका घेतली. पुन्हा रोम. १६३७ मध्ये तो बिशप झाला व विजापूरच्या आदिलशाही मुलखाचा धर्मप्रमुख म्हणून त्याची नेमणूक झाली. लॅटिन विधीचा हा पहिला भारतीय बिशप. आज मेहकरच्या एखाद्या कॅथलिक तरुणास हीच ओढ लागली तर त्याला १९५५ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांताच्या बिशपाकडे जावे लागेल, आणि तो बिशप भारतीय आहे ह्याचे त्याला काडीचेही नवल वाटणार नाही. १६३७ मध्ये गोव्यातल्या सत्ताधाऱ्यांना ते सहन होण्याजोगे नव्हते.

पोर्तुगीज हद्दीच्या अगदी लगत, परंतु आदिलशाही अमलात, डिचोली येथे त्याने ठाणे केले व तेथे देशी तरुणांना दीक्षा देण्यास आरंभ केला. ज्याला हाक नाकारली गेली तोच आता हाक देऊ लागला. गोव्याने ह्या दीक्षा मान्य केल्या नाहीत. १६५३ मध्ये त्याने गोव्यातील ब्राह्मणांना उद्देशून 'ब्राह्मणांचा आरसा' ह्या अर्थाच्या नावाचे एक तिखट पत्र लिहिले. पुढच्याच वर्षी विजापूरच्या फौजा बार्देशावर चालून आल्या, तेव्हा त्यांना चिथावल्याचा आरोप त्याच्यावर आला.

त्या पत्राच्या नावाकडेच लक्ष द्यावे. आवाहन ब्राह्मणांना आहे. गोव्यातील इतर ख्रिस्ती जनांना नाही. १६०६ च्या नियमाने ज्यांच्यासाठी दार बंदच ठेवले होते त्यांचा कैवार मातेउसने घेतलेला दिसत नाही. जन्मावरून पाचारण मोजण्याच्या पद्धतीला त्याने धक्का दिला, परंतु मापाचा निम्मा भाग स्वतः जपून ठेवला. त्याच्या चरित्रकारांनी हा भाग सहसा घाईने उरकला आहे, असे मला वाटते.

उतारवयात तो पुन्हा रोमला गेला तो परतला नाही. १६७७ मध्ये तेथेच वारला. त्याच्या आदल्या वर्षी, १६७६ मध्ये, सांकवाळच्या घराण्यातील जोझेफ वाझ ह्या पंचवीस वर्षांच्या ब्राह्मण तरुणास धर्मगुरूची दीक्षा मिळाली, ती गोव्यातच.