नगरच्या छत्र्यांची नोंद

नगर जिल्ह्यातल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 1971 मध्ये 'फंगाय ऑफ महाराष्ट्र' ही सूची प्रसिद्ध केली. एम. एन. कामत, पी. जी. पटवर्धन, व्ही. जी. राव आणि ए. व्ही. साठे या चौघांनी राज्यात सापडलेल्या बुरश्यांची नावं तिच्यात एकत्र आणली. विद्यापीठ तेव्हा उणंपुरं तीन वर्षांचं होतं.

या मोजदादीची मुळं शेतातल्या नुकसानीत आहेत. उप्पल, पटेल आणि कामत यांनी 1935 मध्येच मुंबई इलाख्यातल्या बुरश्यांची यादी केली होती. गव्हावरचा तांबेरा, ज्वारीची काणी, द्राक्षावरची भुरी, हे सगळे रोग बुरशीचेच. काणी टाळायला ज्वारीच्या बियाण्याला गंधक चोळून पेरायचं, हे नगरच्या शेतकऱ्याला ठाऊक असतं. ज्या बुरशीने पीक बुडवलं, ती आधी सूक्ष्मदर्शकाखाली गेली. ज्वारीवर जगणाऱ्या जिल्ह्यात ते रास्तच होतं.

भिंतीच्या कडेला, उकिरड्यावर, चिंचेच्या बुंध्याशी उगवणाऱ्या छत्र्यांची पाळी मात्र उशिरा आली. साठे आणि देशपांडे यांचा महाराष्ट्रातल्या अळंब्यांवरचा अभ्यास पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीने 1980 मध्ये छापला.

जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, नगरचं चेरापुंजी म्हणवणारं घाटघर आहे. तिकडच्या महादेव कोळी आणि ठाकर घरांत रानभाज्यांबरोबर अळंबीचीही पारख पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. खुद्द नगर शहर पर्जन्यछायेत. इथे छत्र्या येतात त्या दमदार सरींनंतर थोडे दिवस, आणि बहुतेक जण त्यांना कुत्र्याची छत्री म्हणून पुढे जातात.

शहरात ही पारख हवीच. वारुळाच्या अळंबीला वाळवी जमिनीखाली स्वतःच्या घरट्यात पोसते. फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी 1942 मध्ये तिच्या प्रजातीला टर्मिटोमायसिस असं नाव दिलं. ही अळंबी चवीची म्हणून लोक तिची वाट पाहतात. हिरवळीवर मात्र तशीच पांढरी, भरदार दिसणारी क्लोरोफायलम मोलिब्डायटिस उगवते. ती पोटात गेली की काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. कोवळेपणी तिचे छत्रीखालचे कल्लेही पांढरेच असतात, त्यामुळे नुसत्या रंगावर विसंबून खुडणं धोक्याचं.

सूचीच्या चौघा कर्त्यांपैकी पटवर्धन दगडफुलांचे जाणकार. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. काळ्या मसाल्यात ते भाजून घालणाऱ्या किती घरांना हे माहीत असेल? गंधकाच्या धुराने दगडफुलांच्या बऱ्याच जाती मरतात, म्हणून शहराची हवा जोखायला जगभर त्यांचा उपयोग होतो. भुईकोट किल्ल्याचा तट, बाग रौझाच्या भिंती, लष्करी छावणीतली जुनी झाडं या नजरेने पाहण्यासारखी आहेत.

छत्र्यांच्या नोंदीचं काम कुणाही विद्यार्थ्याला हाती घेता येईल. तारीख, जागा, छत्री माती, शेण की लाकूड कशावर उगवली, एवढं आधी टिपायचं. मग छत्री अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर रात्रभर उपडी ठेवायची. सकाळी बीजाणूंचा ठसा उमटलेला असतो. तो हिरवट असला, तर ती मोलिब्डायटिस असण्याचा संशय पक्का धरावा आणि हात साबणाने धुवावेत.