धुराची साक्ष

कारखान्याच्या धुराड्यातून काळ्या धुराचे लोट निघू लागले की गावाला बरकत आली, असे एके काळी युरोपात मानले जाई. काळा धूर म्हणजे न जळता आकाशात गेलेला कोळसा, आणि म्हणून मालकाचे नुकसान, हा हिशेब अभियंत्यांनी मांडला तेव्हा धुराकडे पाहण्याची दृष्टी पालटली. पॅरिसमधील कृषियंत्रशास्त्राचे प्राध्यापक मॅक्सिमिलियां रिंगेलमान यांनी १८८८ च्या सुमारास धूर मोजण्याची एक साधी युक्ती काढली. पांढऱ्या कागदांवर त्यांनी काळ्या रेघांच्या जाळ्या आखल्या. पहिला कागद कोरा, शेवटचा संपूर्ण काळा, आणि मधल्यांत काळेपणा वीस-वीस टक्क्यांनी वाढत जाणारा. पन्नासएक फुटांवरून पाहिले की रेघा एकमेकींत मिसळून करडी छटा दिसते. ती धुराड्यावरील धुराशी ताडून पाहावयाची. हिंदुस्थानातही धुराच्या उपद्रवाविरुद्ध बंगालसाठी १९०५ मध्ये आणि मुंबईसाठी १९१२ मध्ये कायदे झाले. मुंबईत तेव्हा गिरण्यांची धुराडी हीच शहराची क्षितिजरेषा होती.

मोटार आली ती या वातावरणात. तिच्या मागच्या नळीलाही डोळ्यांनीच पारखण्याची रीत पडली, आणि कारागिरांनी या परीक्षेत रिंगेलमानपेक्षा एक पाऊल पुढे टाकले. त्यांनी धुराचा नुसता दाटपणा न पाहता त्याचा रंग वाचला. काळा धूर म्हणजे इंधन जास्त आणि हवा कमी : कार्बुरेटर बिघडलेला, चोक अडकलेला किंवा हवेची गाळणी तुंबलेली. निळसर धूर म्हणजे वंगणाचे तेल सिलिंडरात शिरून जळत आहे. ‘इंजिन ऑईल खाते’ हा गॅरेजमधला शब्दप्रयोग याच दुखण्याचा. ते तेल कोठून शिरते, हेही जाणता कारागीर धुरावरूनच सांगतो. चढावर इंजिनावर जोर पडताच निळा धूर येत राहिला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या. लांबलचक घाट उतरून पायथ्याशी पुन्हा वेग देताच निळा झोत निघाला आणि विरला, तर दोष व्हॉल्व्हच्या बाजूचा. कारण उतारावर सिलिंडरात पोकळी निर्माण होते आणि ती व्हॉल्व्हच्या दांड्यालगतचे तेल ओढून घेते. पांढऱ्या धुराविषयी मात्र नवखा माणूस हटकून फसतो. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. थंडीच्या सकाळी ती वाफ गोठून पांढरी दिसते, त्यात रोग काहीच नाही. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबेना आणि रेडिएटरमधले पाणी घटू लागले, तरच हेड गॅस्केट फुटल्याची शंका घ्यावयाची.

या शास्त्राला अपवादही होते. पहिल्या महायुद्धातील अनेक विमानांची फिरती इंजिने एरंडेलावर चालत. म्हणजे त्यांचे वंगण एरंडेल असे, ते इंधनाबरोबर जळे आणि अर्धवट जळालेले बाहेर फेकले जाई. तेथे निळा धूर हे निरोगीपणाचे लक्षण होते. आपल्याकडे पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणाऱ्या दोन फेऱ्यांच्या स्कूटरी कित्येक वर्षे असाच धूर सोडत रस्त्यांवर धावल्या, आणि त्याबद्दल त्यांना कोणी आजारी म्हटले नाही.

धुराचा रंग इंजिनाची प्रकृती सांगतो, हे खरे. तो माणसाच्या प्रकृतीविषयीही सांगेल, हा समज मात्र फार महाग पडला. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी यांच्या मध्ये हडसन नदीखालून मोटारींसाठी बोगदा काढण्याचे ठरले, तेव्हा हा प्रश्न उघडा पडला. मोटारीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. तो रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो. येल विद्यापीठाचे यँडेल हेंडरसन यांनी बंद खोलीत माणसे बसवून, मोजून हा वायू सोडून प्रयोग केले. दहा हजार भागांत चार भागांपर्यंत तो तासभर सोसवतो, असा निर्वाळा त्यांनी दिला. त्यावर बोगद्याची सारी रचना उभी राहिली. ताजी हवा रस्त्याखालच्या पोकळीतून येते, दूषित हवा छतावरच्या पोकळीतून ओढली जाते. चौऱ्याऐंशी पंखे दर दीड मिनिटाला बोगद्यातील हवा बदलतील अशी ही योजना होती. मुख्य अभियंता क्लिफर्ड हॉलंड १९२४ मध्ये, काम अपुरे असतानाच, वारले. बोगदा १९२७ च्या नोव्हेंबरात खुला झाला आणि त्याला त्यांचेच नाव मिळाले.

बोगद्यात पंखे बसविता येतात, शहरावर ते बसविता येत नाहीत. २६ जुलै १९४३ रोजी लॉस एंजेलिसवर डोळे झोंबविणारे धुके उतरले. युद्धाचे दिवस, त्यामुळे जपानने विषारी वायू सोडला की काय, अशी भीती पसरली. मग संशय कृत्रिम रबरासाठी रसायन बनविणाऱ्या एका कारखान्यावर गेला. तो बंद झाला तरी धुके येतच राहिले. अननसाच्या स्वादावर संशोधन करणारे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० नंतरच्या काही वर्षांत या कोड्याचा उलगडा केला. मोटारींतून निघणारी न जळालेली पेट्रोलची वाफ आणि नायट्रोजनची संयुगे यांवर ऊन पडले की ओझोन तयार होतो. हवेत ओझोन किती, हे पाहण्यासाठी रबराच्या वाकविलेल्या पट्ट्या वापरल्या जात, कारण ओझोनने त्यांना तडे जातात. ज्या नळीतून डोळ्यांना काहीही दिसत नव्हते, तीच शहराचे डोळे जाळत होती. याच काळात पेट्रोलमध्ये शिसेही मिसळले जात होते, तेही अदृश्यच. भारतात असे पेट्रोल २००० साली बंद झाले.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी आपल्याकडे तपासणी यंत्राच्या हाती दिली. पेट्रोलच्या गाडीच्या नळीत सळई घालून कार्बन मोनॉक्साइड मोजावयाचा. डिझेलच्या धुरातून प्रकाशाचा झोत सोडून तो किती अडतो ते पाहावयाचे. म्हणजे डिझेलच्या बाबतीत यंत्रही, रिंगेलमानप्रमाणे, काळेपणाच मोजत राहिले. नायट्रोजनची संयुगे या तपासणीतून निसटत. हीच संयुगे पुढे मोठ्या लबाडीचा विषय झाली. २०१३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी डिझेल मोटारींना मोजमापाची साधने जोडून त्या प्रत्यक्ष रस्त्यावर चालविल्या. प्रयोगशाळेत उत्तीर्ण झालेल्या फोल्क्सवागनच्या मोटारी रस्त्यावर मर्यादेच्या कित्येक पट विषारी वायू सोडत होत्या. २०१५ च्या सप्टेंबरात कंपनीने कबुली दिली : तपासणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरते शहाणे वागणारी आज्ञावली सुमारे एक कोटी दहा लाख गाड्यांत बसविलेली होती. त्या गाड्यांच्या मागे उभ्या राहिलेल्या माणसाला धूर म्हणून काही दिसलेच नसते.