कांचनजुंगा : अस्पर्श राखलेला माथा

भारतातील सिक्कीम आणि नेपाळ यांच्या सीमेवर उभे असलेले कांचनजुंगा हे ८,५८६ मीटर उंचीचे शिखर एव्हरेस्ट व के-टू यांच्यानंतर जगात तिसऱ्या क्रमांकाचे आहे. १८५२ पर्यंत तेच सर्वोच्च मानले जात असे. मराठीत ‘कांचनगंगा’ असेही लिहिण्याचा प्रघात असला, तरी नावाचा गंगेशी काही संबंध नाही. महाहिमाची पाच भांडारे, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. सीमारेषा थेट मुख्य शिखरावरून जाते आणि या पर्वताचा सारा वाद तिथूनच सुरू होतो.

सिक्कीमच्या जनतेसाठी कांचनजुंगा ही रक्षक देवता आहे. पांग ल्हाबसोल या उत्सवात तिचे पूजन होते. चार्ल्स इव्हान्स यांच्या नेतृत्वाखालील ब्रिटिश पथक १९५५ मध्ये नेपाळच्या बाजूने निघाले, तेव्हा सिक्कीम हे वेगळे संस्थान होते. माथ्यावर पाऊल ठेवणार नाही, असे वचन पथकाने सिक्कीमच्या राजसत्तेला दिले. २५ मे रोजी जॉर्ज बँड आणि जो ब्राउन माथ्यापासून अवघ्या काही फुटांवर थांबले. दुसऱ्या दिवशी नॉर्मन हार्डी व टोनी स्ट्रीदर यांनीही तेच केले. त्या उंचीवर, समोर माथा दिसत असताना थांबणे सोपे नव्हे. १९७७ मध्ये कर्नल नरेंद्र कुमार यांच्या नेतृत्वाखाली भारतीय लष्कराच्या पथकाने ईशान्येकडील अवघड धारेवरून, म्हणजे सिक्कीमच्या बाजूने, यशस्वी चढाई केली. मेजर प्रेमचंद आणि नाईक निमा दोर्जे शेर्पा यांनीही माथा अस्पर्श ठेवला.

पुढे २००० मध्ये एका ऑस्ट्रियन मोहिमेला शुल्क आकारून सिक्कीममधून परवानगी मिळाली आणि तेथे तीव्र विरोध उमटला. त्यानंतर सिक्कीम सरकारने या पवित्र शिखरावरील चढाईस बंदी घातली. पायथ्याच्या कांचनजुंगा राष्ट्रीय उद्यानाला २०१६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला. निसर्ग आणि संस्कृती या दोन्ही निकषांवर मान मिळालेले हे भारतातील पहिलेच स्थळ होय.

बंदी मात्र सीमेच्या एकाच बाजूला लागू होते. नेपाळ सरकार परवाने देते आणि मोहिमा तिकडून जातात. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेच्या दहा गिर्यारोहकांनी १५ मे २०१९ रोजी नेपाळमार्गेच ही मोहीम फत्ते केली. काही फूट अलीकडे थांबण्याचा संकेत अनेक गिर्यारोहक आजही पाळतात. नेपाळच्या बाजूने येणाऱ्यांवर सिक्कीमच्या आदेशाचे बंधन नसते, त्यामुळे तो पाळायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.