मोफत विधी साहाय्य (भारत)

वकिलाची फी व कोर्टखर्च परवडत नाही अशा व्यक्तीला सरकारी खर्चाने वकील, सल्ला आणि दाव्याची कागदपत्रे मिळवून देणारी व्यवस्था. कायदा सर्वांना सारखा असला, तरी त्याचा आधार घेण्याची ऐपत सर्वांकडे सारखी नसते. ही तफावत भरून काढणे हे आज राज्याचे कर्तव्य मानले जाते. पूर्वी मात्र हे काम दानधर्मात मोडत असे.

मुंबईत १९२०च्या दशकात बॉम्बे लीगल एड सोसायटीने गरिबांसाठी असे काम सुरू केले. १९४९ मध्ये मुंबई सरकारने न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली या विषयावर समिती नेमली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये विधी साहाय्याचा कायदा संमत झाला. भारतात घटनेतच त्याला स्थान मिळायला १९७६ साल उजाडले. बेचाळिसाव्या दुरुस्तीने अनुच्छेद ३९-क घातला गेला, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत असल्याने त्याच्या आधारे न्यायालयात दाद मागता येत नव्हती.

ही उणीव सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद २१ मधील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कातून भरून काढली. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७८) या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ठरवले, की शिक्षा झालेल्या कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य मिळाली पाहिजे आणि अपिलासाठी गरज असेल तेथे वकीलही. पुढच्याच वर्षी हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे अडकलेल्या कच्च्या कैद्यांची स्थिती उघड झाली. त्यांतील काही जण तर ज्या गुन्ह्याचा आरोप होता, त्याच्या कमाल शिक्षेपेक्षाही अधिक काळ आत होते. भागलपूर अंधीकरण प्रकरणात (१९८१) पैशाची सबब राज्याला सांगता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले. सुक दास खटल्यात (१९८६) त्याहून मोलाची गोष्ट ठरली: आरोपीने वकील मागितला नाही म्हणून त्याचा हक्क जात नाही. असा हक्क आहे हे आरोपीला सांगणे न्यायाधीशाचे काम आहे. तसे न करता झालेली शिक्षा न्यायालयाने रद्द केली. जो निरक्षर आहे किंवा कोठडीत धास्तावलेला आहे, तो अर्ज करणार तरी कसा, हे यामागचे साधे आणि माणुसकीचे तर्कशास्त्र होते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने फौजदारी न्यायातील विधी साहाय्याची तत्त्वे २०१२ मध्ये स्वीकारली, तेव्हा त्यांतही हक्काची माहिती देण्याची जबाबदारी राज्यावरच टाकण्यात आली.

मुंबईतील एका प्रकरणाचा येथे वेगळा उल्लेख हवा. पत्रकार शीला बारसे यांनी १९८२ मध्ये मुंबई मध्यवर्ती कारागृहातील पंधरा महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे त्यांपैकी पाच जणींनी सांगितले. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि तेच याचिका म्हणून दाखल झाले. १९८३च्या निकालाने महिलांसाठी स्वतंत्र कोठडी व महिला पोलिसांचा पहारा बंधनकारक झाला. अटक होताच पोलिसांनी जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवावे आणि कोठडीत छळ झाला का, हे दंडाधिकाऱ्याने आरोपीला स्वतः विचारावे, असेही आदेश निघाले. मदत मागण्याचा भार अटकेतील स्त्रीवर न टाकता यंत्रणेवर टाकणारा हा निकाल आहे.

या साऱ्याला वैधानिक चौकट विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ ने दिली. तो ९ नोव्हेंबर १९९५ रोजी अमलात आला. राष्ट्रीय, राज्य व जिल्हा प्राधिकरणे आणि तालुका समित्या अशी त्याची रचना आहे. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार, आपद्ग्रस्त आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी राज्ये मर्यादा ठरवतात.

लोकअदालतही याच कायद्याखाली येते. तेथील तडजोडीला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते, भरलेली कोर्ट फी परत मिळते, पण अपील करता येत नाही. म्हणून निकाली प्रकरणांच्या मोठ्या आकड्यांवरून न्याय किती झाला हे ठरवणे धोक्याचे आहे. अपघाताच्या भरपाईसाठी थकलेला वारस कमी रकमेवरही सही करतो.

विधी साहाय्याच्या पॅनेलवरील वकिलांना मिळणारे तुटपुंजे मानधन आणि खटल्याच्या तयारीला न मिळणारा वेळ, हे या व्यवस्थेचे जुने दुखणे. त्यावर उपाय म्हणून २०२२ पासून अनेक जिल्ह्यांत फौजदारी बचावासाठी पूर्णवेळ, पगारी वकिलांची कार्यालये सुरू करण्यात आली आहेत. या वकिलांना खासगी वकिली करता येत नाही.