बोजोले नुव्हो
बोजोले नुव्हो ही फ्रान्सच्या बोजोले प्रदेशात गामे जातीच्या काळ्या द्राक्षांपासून तयार होणारी स्वस्त लाल वाइन आहे. द्राक्षांचे घोस न चिरडता कार्बन डायऑक्साइडने भरलेल्या बंद टाक्यांत आंबवले जातात. त्यामुळे तिच्यात फळांचा गंध अधिक व तुरटपणा कमी असतो. द्राक्षतोडणीनंतर काही आठवड्यांतच ती बाटलीबंद होते. १९८५ पासून ती नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी विक्रीस येते.

मुरवल्याने ती सुधारत नाही; उलट वर्षभरात तिचा ताजेपणा ओसरतो. म्हणून खरेदीपूर्वी लेबलावरील हंगामाचे वर्ष पाहणे महत्त्वाचे ठरते. चालू हंगामाची बाटली माफक किमतीस योग्य असते. सवलतीत मिळणारी जुनी बाटली मात्र स्वस्त असूनही बहुधा महागच पडते.